न्यूमोकोकल लस: बाळाचे तीन डोस वेळेवर कसे पूर्ण करावेत

न्यूमोकोकस हा जिवाणू निरोगी लहान मुलांच्या नाकात आणि घशात अनेकदा असतो आणि बहुतेक वेळा काही त्रास न देता निघूनही जातो. तोच फुप्फुसांत उतरला तर न्यूमोनिया होतो, रक्तात शिरला तर सर्व शरीरभर जंतुसंसर्ग पसरतो आणि मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचला तर मेंदूज्वर होतो. या मेंदूज्वरातून वाचलेल्या काही मुलांना कायमचे बहिरेपण येते, काहींना फिट्स येऊ लागतात, तर काहींची बौद्धिक वाढ खुंटते. दोन वर्षांखालील बालकांना या जिवाणूचा धोका सर्वाधिक असतो आणि म्हणूनच त्याविरुद्धची लस, म्हणजे न्यूमोकोकल कॉन्ज्युगेट लस, बाळ दीड महिन्याचे झाल्यापासून दिली जाते. लसीकरणाच्या कार्डावर ती ‘पीसीव्ही’ या तीन अक्षरांनी नोंदवलेली असते. ज्यांच्या घरी पहिल्यांदाच बाळ येत आहे किंवा नुकतेच आले आहे, अशा आईवडिलांसाठी आणि बाळाची जबाबदारी सांभाळणाऱ्या घरातील वडीलधाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे.

आपल्या आईवडिलांच्या पिढीला ही लस माहीत नसते, त्यामुळे ‘आमच्या वेळी हे इंजेक्शन नव्हते’ हे वाक्य बहुतेक घरांत ऐकू येते आणि ते खरेही आहे. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ती २०१७ च्या मे महिन्यात आली, तीही सुरुवातीला हिमाचल प्रदेशात आणि उत्तर प्रदेश व बिहारच्या काही जिल्ह्यांत. पुढे मध्य प्रदेश आणि राजस्थान जोडले गेले. १ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या भाषणात ती देशभर देण्याची घोषणा झाली आणि त्यामुळे दरवर्षी ५०,००० हून अधिक बालमृत्यू टळतील, असे त्या भाषणात सांगण्यात आले. महाराष्ट्रातील सरकारी केंद्रांत ही लस त्याच वर्षी मोफत मिळू लागली. सुरुवातीच्या टप्प्यात सरकारी कार्यक्रमात जिवाणूच्या १३ प्रकारांविरुद्धची परदेशी कंपनीची लस वापरली गेली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली, १० प्रकारांविरुद्धची ‘न्यूमोसिल’ ही लस डिसेंबर २०२० मध्ये सादर झाली आणि त्यानंतर देशात बनलेली लस कार्यक्रमासाठी उपलब्ध झाली.

लस काय करते, हे दोन वाक्यांत समजून घेतले तर पुढच्या तारखांचे महत्त्व पटते. न्यूमोकोकसभोवती शर्करेच्या साखळ्यांचे एक कवच असते आणि दोन वर्षांखालील बाळाची प्रतिकारशक्ती केवळ या शर्करेला नीट ओळखू शकत नाही, म्हणून लसीत ती शर्करा एका निरुपद्रवी प्रथिनाला जोडलेली असते; प्रथिन ओळखताना बाळाचे शरीर शर्कराही ओळखायला शिकते आणि ती ओळख पुढे टिकवते. लसीत जिवंत जिवाणू नसतो, त्यामुळे लसीमुळे न्यूमोनिया होणे शक्य नाही.

पहिली पायरी: बाळ जन्मण्याआधीच ठिकाण ठरवा आणि कार्ड मिळवा

गरोदरपणात नाव नोंदवताना आईला ‘माता व बाल संरक्षण कार्ड’ दिले जाते. लसीकरणाचा तक्ता याच कार्डात असतो, त्यामुळे प्रसूतीनंतर वेगळे कार्ड शोधण्याची गरज नसते. प्रसूती खासगी रुग्णालयात झाली असेल तर तेथे स्वतःची छापील फाइल मिळते. तरीही जवळच्या सरकारी केंद्रात बाळाची नोंद करून घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवेन, कारण पुढे काही कारणाने खासगी दवाखाना बदलावा लागला, तर बाळाचे नाव आधीच सरकारी यादीत असते. यू-विन या डिजिटल नोंदणीत मोबाइल क्रमांक दिल्यास पुढच्या डोसची नोंद तेथेही राहते, मात्र कागदी कार्डाची जागा तिने घेतली आहे असे समजू नये.

गावात लसीकरण ठरलेल्या दिवशी अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात होते आणि त्याआधी आशाताई त्या दिवशी कोणकोणत्या बाळांचे डोस आहेत याची यादी तयार करतात. आपल्या भागात तो दिवस कोणता, हे त्यांना आधीच विचारून ठेवावे. शहरात महानगरपालिकेचे आरोग्य केंद्र किंवा दवाखाना, तसेच सरकारी व पालिकेची रुग्णालये येथे लस मिळते. प्रत्येक केंद्राचे लसीकरणाचे वार आणि वेळा वेगवेगळ्या असतात, म्हणून एकदा प्रत्यक्ष जाऊन फलकावरून त्या टिपून आणाव्यात. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडे रीत आहे आणि दीड महिन्याचा डोस अनेकदा माहेरी, तर साडेतीन महिन्यांचा सासरी पडतो. यात काहीही अडचण नाही. सार्वत्रिक लसीकरणाची लस देशातील कोणत्याही सरकारी केंद्रात घेता येते, फक्त कार्ड बाळाबरोबर प्रवास करत राहिले पाहिजे.

दुसरी पायरी: तीन तारखा मोजा

सरकारी वेळापत्रकात या लसीचे तीन डोस आहेत: पहिला सहा आठवड्यांना, दुसरा चौदा आठवड्यांना आणि तिसरा नऊ महिने पूर्ण झाल्यावर. बोलीत यांनाच दीड महिन्याचा, साडेतीन महिन्यांचा आणि नवव्या महिन्याचा डोस म्हणतात, पण शेवटच्या बाबतीत नऊ महिने ‘पूर्ण’ व्हायला हवेत हे लक्षात ठेवावे. नववा महिना लागणे पुरेसे नाही. १ जानेवारीला जन्मलेल्या बाळाचे उदाहरण घेऊ. त्याचे सहा आठवडे १२ फेब्रुवारीला पूर्ण होतात, चौदा आठवडे ९ एप्रिलला (लीप वर्ष नसताना) आणि नऊ महिने १ ऑक्टोबरला. या तारखांच्या आधी डोस घेऊ नये. त्यानंतर जो पहिला लसीकरणाचा दिवस येईल, त्या दिवशी घ्यावा.

मध्ये अडीच महिन्यांचीही एक फेरी असते, आणि गोंधळ नेमका तिथे होतो. त्या दिवशी पेंटाव्हॅलंट (पाच आजारांविरुद्धची एकत्रित लस), तोंडावाटे पोलिओ आणि रोटाव्हायरस (जुलाब घडवणाऱ्या विषाणूविरुद्धची लस) हे डोस असतात, न्यूमोकोकल लस नसते. मागच्या वेळी बाळाला दोन्ही मांड्यांवर सुया दिल्या आणि आज एकाच मांडीवर दिली, म्हणजे एक डोस राहिला, असे वाटून अनेक आया चिंतेत पडतात. सरकारी वेळापत्रकात पहिल्या आणि दुसऱ्या डोसात आठ आठवड्यांचे अंतर ठेवलेले आहे, म्हणून अडीच महिन्यांना ही लस नसणे हेच योग्य आहे.

खासगी बालरोगतज्ज्ञ बहुधा भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या वेळापत्रकाप्रमाणे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना तीन आणि बारा ते पंधरा महिन्यांच्या दरम्यान एक बूस्टर, म्हणजे आधीचे संरक्षण पुन्हा बळकट करणारा डोस, असे चार डोस देतात. दोन्ही वेळापत्रके शास्त्रीय आधारावर ठरलेली आहेत. सरकारी तीन डोस म्हणजे अपुरे लसीकरण, असा समज करून घेऊ नये. दोन प्राथमिक डोस आणि एक बूस्टर ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेली आहे. खासगीत प्रत्येक डोसला काही हजार रुपये लागतात, आणि केवळ त्या खर्चामुळे ‘ही लस ऐच्छिक आहे, नंतर बघू’ असे म्हणून काही कुटुंबे ती पुढे ढकलतात. अशा कुटुंबांनी बाकीच्या लसी खासगीत घेतल्या असल्या, तरी हीच लस सरकारी केंद्रात मोफत घ्यावी. तसे करताना आधी घेतलेल्या सर्व डोसांच्या नोंदी बरोबर न्याव्यात, म्हणजे पुढचा डोस कोणता आणि कधी द्यायचा, हे आरोग्यसेविकेला ठरवता येते. खासगीतल्या खासगीत डॉक्टर बदलले तर पूर्वीच्याच कंपनीची लस मिळाल्यास उत्तम, पण ती उपलब्ध नसेल तर हाती असलेल्या लसीने डोस पूर्ण करावेत. कंपनी जुळावी म्हणून डोस लांबवणे हा त्याहून मोठा तोटा आहे.

तिसरी पायरी: लसीकरणाच्या दिवशी

बाळाला सैल, मांड्या सहज उघड्या करता येतील असे कपडे घालावेत. बाळाला उपाशी ठेवण्याची गरज नाही. लसीकरणाआधी आणि नंतरही अंगावरचे दूध पाजता येते. टोचताना बाळाला आईने छातीशी धरून पाजले तर वेदना कमी जाणवतात, हे सिद्ध झालेले आहे, आणि आरोग्यसेविकेला सांगितल्यास त्या तसे बसू देतात. कार्ड, पूर्वीच्या खासगी नोंदी आणि बाळाला चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी पिशवीत असू द्यावी.

दीड महिन्याच्या फेरीत बाळाला एकाच दिवशी बरेच काही दिले जाते. आधी तोंडावाटे पोलिओ आणि रोटाव्हायरसचे डोस, मग उजव्या दंडावर पोलिओची छोटी, त्वचेत दिली जाणारी सुई, डाव्या मांडीवर पेंटाव्हॅलंट आणि उजव्या मांडीवर न्यूमोकोकल लस. म्हणजे तीन सुया. घरातील मोठ्यांना हे पाहवत नाही आणि ‘एक आज घ्या, एक पुढच्या आठवड्यात’ असा सल्ला मिळतो. त्यामागची माया समजण्यासारखी आहे, पण तो सल्ला मानू नये. एकाच दिवशी वेगवेगळ्या जागी या लसी देणे सुरक्षित आहे, त्यांचा परिणाम एकमेकांमुळे कमी होत नाही, आणि लांबवलेला डोस बाळाला त्या आठवड्यापुरता नव्हे, तर बऱ्याचदा महिनाभर उघडा ठेवतो, कारण गावात पुढचे सत्र महिन्यानेच असते. मांड्या वेगवेगळ्या निवडण्यामागे हेतू असतो: पुढे एखाद्या जागी सूज आली तर ती कोणत्या लसीमुळे आली, हे ओळखता येते. म्हणून कोणत्या बाजूला काय दिले, हे आपणही लक्षात ठेवावे.

न्यूमोकोकल लसीचा डोस अर्धा मिलिलिटर असतो आणि तो मांडीच्या मधल्या भागात, पुढच्या-बाहेरच्या बाजूच्या स्नायूत दिला जातो. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते आणि गोठली तर निकामी होते. कुपीवर एक गोल आणि त्यात एक चौकोन असे चिन्ह असते. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिकट असेल, तर लस उष्णतेने खराब झालेली नाही असे समजते, आणि दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन अधिक गडद झाला, तर ती कुपी वापरत नाहीत. गोठण्याविषयी मात्र हे चिन्ह काहीही सांगत नाही. ती काळजी आरोग्य कर्मचारी साठवणुकीत आणि वाहतुकीत घेतात. आपल्यासमोर नवी सिरिंज उघडली जाते की नाही, हे पाहण्याचा आणि कुपीवरचे चिन्ह दाखवायला सांगण्याचा पालकांना अधिकार आहे, आणि चांगल्या आरोग्यसेविकेला त्या प्रश्नाचा राग येत नाही.

सर्दी, हलका खोकला, थोडे पातळ शौच किंवा किरकोळ ताप असताना डोस टाळण्याचे कारण नाही. बाळाला खूप ताप असेल, ते मलूल झाले असेल किंवा रुग्णालयात दाखल असेल, तर बरे होईपर्यंत थांबावे. या लसीच्या आधीच्या डोसनंतर किंवा घटसर्पाचा घटक असलेल्या लसीनंतर अंगावर गांधी उठणे, श्वास कोंडणे, शुद्ध हरपणे अशी तीव्र अॅलर्जी झाली असेल, तर ते सुई देण्याआधीच सांगावे. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे वय त्याच्या प्रत्यक्ष जन्मतारखेपासूनच मोजतात. ‘वजन कमी आहे, अजून थोडे बाळसे धरू दे’ म्हणून थांबणे चुकीचे आहे, कारण अशा बाळांना या आजाराचा धोका उलट जास्तच असतो.

डोस झाल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबावे. तीव्र अॅलर्जी ही अत्यंत दुर्मीळ गोष्ट आहे, पण ती झालीच तर बहुधा याच अवधीत दिसते आणि तिच्यावरचे औषध केंद्रात तयार असते. या अर्ध्या तासाचा उपयोग आरोग्यसेविकेकडून चार गोष्टी विचारून घेण्यासाठी करावा: आज कोणत्या लसी दिल्या, त्यांचा काय त्रास होऊ शकतो, झाल्यास काय करायचे आणि पुढची तारीख कोणती. ती तारीख कार्डावर लिहून घेतल्याशिवाय तेथून निघू नये.

चौथी पायरी: घरी आल्यावर

पहिल्या एक-दोन दिवसांत ताप येणे, टोचल्या जागी लाली, दुखरेपणा किंवा थोडी सूज येणे, बाळ किरकिरे होणे, कमी पिणे किंवा नेहमीपेक्षा जास्त झोपणे हे सर्व अपेक्षित आहे. ताप आल्यास केंद्रातून किंवा डॉक्टरांकडून सांगितलेल्या प्रमाणातच पॅरासिटामॉल द्यावे. येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते: बाजारात पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप अशा दोन्ही रूपांत औषध मिळते आणि थेंबांच्या बाटलीतील औषध सिरपपेक्षा कितीतरी तीव्र असते, त्यामुळे सिरपचे प्रमाण लक्षात ठेवून तेवढेच थेंबांच्या बाटलीतून दिल्यास बाळाला घातक ठरू शकते. बाळाच्या वजनानुसार किती मिलिलिटर आणि कोणत्या बाटलीतून, हे लिहून घ्यावे. अॅस्पिरिन देऊ नये.

टोचल्या जागी चोळू नये, हळद, तेल किंवा कोणताही लेप लावू नये. हवे तर स्वच्छ, ओल्या, गार कापडाची घडी ठेवावी. त्या दिवशी तेलाचे मालीश करायचेच असेल तर मांड्या सोडून करावे. ताप दोन दिवसांहून अधिक टिकला, बाळ सलग तीन तास समजूत न पटता रडत राहिले, झटके आले, दूध पिणे बंद झाले किंवा सूज वाढत गेली, तर डॉक्टरांकडे जावे आणि आरोग्यसेविकेलाही कळवावे. असा त्रास लसीमुळेच झाला की योगायोगाने त्याच वेळी दुसरा आजार झाला, याची तपासणी करण्याची सरकारी व्यवस्था आहे, आणि ती आपण कळवल्याशिवाय सुरू होत नाही.

पाचवी पायरी: नऊ महिन्यांचा डोस, जो सर्वाधिक राहून जातो

माझ्या मते या सगळ्या प्रवासात पालकांनी सर्वाधिक सावध राहण्याची जागा हीच आहे. साडेतीन महिन्यांच्या फेरीनंतर तब्बल साडेपाच महिने या लसीचा कोणताही डोस नसतो. तोवर बाळ बसू लागलेले असते, उष्टावण झालेले असते, आईची प्रसूतीची रजा संपलेली असते, माहेरहून सासरी किंवा नोकरीच्या गावी परतणे झालेले असते आणि ‘सगळी इंजेक्शने झाली’ अशी भावना घरात रुळलेली असते. नऊ महिन्यांना गोवर-रुबेलाची लस असते हे पुष्कळांना ठाऊक असते, पण त्याच दिवशी न्यूमोकोकल लसीचा बूस्टर आणि पोलिओच्या सुईचा तिसरा डोसही असतो, हे कमी जणांना माहीत असते. जीवनसत्त्व ‘अ’चा पहिला डोसही त्याच फेरीत मिळतो.

पहिल्या दोन डोसांनी तयार झालेली प्रतिपिंडे, म्हणजे जंतूशी लढणारी रक्तातील प्रथिने, काही महिन्यांत कमी होऊ लागतात. तिसरा डोस प्रतिकारशक्तीला पुन्हा जागे करून तिची स्मृती पक्की करतो, आणि बाळाच्या नाका-घशात हा जिवाणू ठाण मांडून बसण्याचे प्रमाणही कमी करतो. या दुसऱ्या परिणामाचा लाभ घरातील आजी-आजोबांनाही मिळतो, कारण वृद्धांमध्येही हा जिवाणू गंभीर न्यूमोनिया घडवतो आणि तो त्यांच्यापर्यंत बऱ्याचदा नातवंडांकडून पोहोचतो. अमेरिकेत २००० साली मुलांना ही लस देणे सुरू झाल्यानंतर लस न घेतलेल्या प्रौढांमधील गंभीर न्यूमोकोकल आजारही घटला होता. नऊ महिन्यांच्या डोसला कंटाळणाऱ्या घरात हे जरूर सांगावे.

कामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची अडचण याहून मोठी असते. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या भागांतील ऊसतोड कामगारांची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. उन्हाळ्यात-पावसाळ्यात जन्मलेल्या बाळाचे पुढचे डोस नेमके फडावर असताना येतात. निघण्यापूर्वी गावातल्या आशाताईंकडून कार्डावर पुढच्या तारखा लिहून घ्याव्यात आणि नव्या ठिकाणी पोहोचताच तिथल्या आशाताईंना किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला बाळाचे वय सांगावे. वीटभट्ट्या, बांधकामे आणि साखर कारखान्यांच्या वस्त्यांवर लसीकरणाची विशेष सत्रेही होतात. रहिवासी पुरावा नाही, आधार कार्ड नाही म्हणून कोणत्याही बाळाला लस नाकारता येत नाही.

परदेशी जाणाऱ्या कुटुंबांनी मूळ कार्डाबरोबर लसीचे नाव आणि डोसाच्या तारखा डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्याव्यात. अमेरिकेत ही लस दोन, चार आणि सहा महिन्यांना व नंतर बारा ते पंधरा महिन्यांच्या दरम्यान देतात, त्यामुळे मध्येच तिथे गेलेल्या बाळाचे उरलेले डोस तिथले डॉक्टर त्या वेळापत्रकात बसवून देतात.

डोस चुकला असेल तर

मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. सरकारी कार्यक्रमात बाळाला पहिला वाढदिवस होण्याआधी किमान एक डोस मिळालेला असेल, तर उरलेले डोस किमान आठ आठवड्यांच्या अंतराने, जितक्या लवकर शक्य तितक्या लवकर दिले जातात. म्हणून अकरा महिन्यांच्या बाळाला एकही डोस झालेला नसेल, तर वाढदिवसाची वाट न पाहता तातडीने केंद्रात न्यावे. वर्ष उलटून गेले आणि एकही डोस झाला नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना भेटावे. वय वाढते तशी डोसांची संख्या कमी होते आणि एक ते दोन वर्षांच्या मुलाला सामान्यतः आठ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस दिले जातात. कार्ड हरवले असेल तर ओशाळून घरी बसू नये. केंद्राच्या नोंदवहीत, आशाताईंच्या यादीत किंवा यू-विनवर नोंद सापडते आणि नवे कार्ड करून मिळते.

काही मुलांसाठी नेहमीचे डोस पुरेसे नसतात. पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे, आणि सिकलसेल असलेल्या मुलांची प्लीहा लवकर निकामी होत असल्याने न्यूमोकोकसचा संसर्ग त्यांच्यात अतिशय वेगाने पसरतो. अशा मुलांना, तसेच प्लीहा काढलेली, एचआयव्हीबाधित, मूत्रपिंडाचा नेफ्रोटिक सिंड्रोम असलेली किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवलेले उपकरण) बसवलेली मुले यांना दोन वर्षांनंतर याच जिवाणूविरुद्धची आणखी एक, २३ प्रकारांची लस द्यावी लागते. डॉक्टरांनी आपणहून विषय काढला नाही, तर पालकांनी काढावा.

लस घेतलेल्या बाळालाही खोकला झाला तर

न्यूमोकोकसचे ९० हून अधिक प्रकार आहेत आणि लस त्यांपैकी गंभीर आजार अधिक करणाऱ्या निवडक प्रकारांविरुद्ध काम करते. शिवाय न्यूमोनिया विषाणूंमुळे आणि इतर जिवाणूंमुळेही होतो. त्यांतील हिब या जिवाणूविरुद्धची लस पेंटाव्हॅलंटमध्ये असते. म्हणून तिन्ही डोस झाले तरी बाळाचा श्वास मोजण्याची सवय प्रत्येक घराला हवी. बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, अंगातला झबला वर करावा, पोटाच्या प्रत्येक उचलीला एक असे धरावे आणि घड्याळात पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण बाळांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास, आणि खोकल्यासह असा श्वास दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे.

हे मोजणे कमी शिकलेल्या माणसालाही जमते, हे गडचिरोलीत सिद्ध झाले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथील गावांत आरोग्यदूत आणि दाया यांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि त्यावर प्रतिजैविक द्यायला शिकवले. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले श्वासमापक तयार केले. त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याने कमी झाले आणि ते निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आपल्याजवळ मोबाइलचे घड्याळ आहे. प्रतिजैविक मात्र घरच्या घरी देऊ नये.

श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जाणे, कण्हणे, ओठ निळसर होणे, काहीही पिता न येणे, सगळे उलटून टाकणे, झटके येणे किंवा बाळ जागे न होणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर रात्र असो वा पाऊस, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. ‘डबा झाला’ (न्यूमोनियाला बोलीत असे म्हणतात) म्हणून पोटावर चटके देणे, बिब्बा लावणे किंवा अंगारा आणून वाट पाहणे यात जे तास जातात, त्याच तासांत बाळ हातचे जाते.

रुग्णालयात जाताना लसीकरणाचे कार्ड बरोबर न्यावे, कारण कोणते डोस झालेले आहेत यावरून डॉक्टरांना संभाव्य जंतूचा अंदाज बांधायला मदत होते. आणि न्यूमोनिया होऊन बाळ बरे झाले असले, तरी उरलेले डोस सोडू नयेत. एका प्रकाराने झालेला आजार दुसऱ्या प्रकारांपासून संरक्षण देत नाही; बाळ पुरते सावरले, ताप गेला आणि ते नीट दूध पिऊ लागले, की डॉक्टरांना विचारून पुढची तारीख लगेच ठरवून घ्यावी.